नाव, गाव, वल्दियत

बुरोंडीच्या आमच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी असे. तिची किल्ली दादीच्या कमरेला. लहानपणी आम्हाला वाटायचे, पेटीत सोने असेल. पुढे कळले की आत नुसते कागद आहेत. आजोबा बोटीवर होते, त्यांचे सीडीसीचे पुस्तक. चुलत्यांचे जुने, कोपरे कापून रद्द केलेले पासपोर्ट. कुवेतच्या परवान्यांच्या नकला. घराचे आणि बागेचे उतारे. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर सुतळी बांधलेली, कारण कोकणातल्या पावसात बंद पेटीतला कागदही ओल धरतो.

दादीचा नियम एकच होता. कागद दाखवायचा, पण हातातून सोडायचा नाही. मुंबईच्या एजंटाला नक्कल हवी असली, तर घरातला माणूस स्वतः दापोलीला जाई, समोर उभा राहून झेरॉक्स काढून घेई आणि मूळ कागद घेऊन परत येई. दादी कधी शाळेत गेली नव्हती. पण कागदावर आपले नाव, गाव आणि वल्दियत असते आणि तो कागद ज्याच्या हाती गेला तो आपल्याला अडवू शकतो, एवढे तिला पक्के ठाऊक होते.

त्याच घराच्या ओटीवर बसून आता माझा तेरा वर्षांचा पुतण्या मोबाइलवर खेळतो. खेळ सुरू करताना त्याने आपले नाव दिले, गाव दिले, आखातात असलेल्या बापाचा फोन नंबर दिला, ई-मेल दिला. जन्मतारीख तेवढी खोटी दिली, कारण खरी दिली तर खेळता येत नाही. मग खेळाने विचारले, तुझ्या फोनमधले नंबर पाहू का? तुझा आवाज ऐकू का? तू कुठे आहेस ते कळू दे का? त्याने तिन्ही वेळा होकार दिला. या साऱ्याला एक मिनिटही लागले नाही. दादीची किल्ली कुणी मागितली नाही, कारण पेटी उघडण्याची गरजच उरली नव्हती.

आपल्या माणसांची माहिती आजवर कोणी कोणी घेतली, कशासाठी घेतली, आणि ऑनलाइन खेळांच्या जाळ्यात ती गेली तेव्हा तिचे काय झाले, हा इतिहास या लेखात मांडायचा आहे.

किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदी

आमच्या किनाऱ्याला माहितीच्या बदल्यात परवानगी हा व्यवहार नवा नाही. बुरोंडीच्या दक्षिणेला वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ आहे. बहामनी आणि आदिलशाही काळात ते मोठे बंदर होते. अरबस्तानाशी व्यापार करणारी आणि हजयात्रेकरूंना नेणारी जहाजे तेथून सुटत. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द अल्मेडा याने हे बंदर जाळले. त्यानंतर या समुद्रात निर्धास्त फिरायचे तर पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना लागे. त्यात जहाज कोणाचे, नाखवा कोण, शस्त्रे किती, माल कोणता आणि जायचे कुठे हे नोंदलेले असे. कार्ताझ नसलेले जहाज पकडले जाई. नाव-गाव सांगितल्याशिवाय आपल्याच समुद्रात जाता येत नाही, हा अनुभव या किनाऱ्याने तेव्हाच घेतला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतली मुसलमान माणसे दक्षिण आफ्रिकेत गेली. केप टाउनमध्ये कोकणी मुसलमानांची वस्ती आजही आहे. तेथून गावी येऊन परत जायचे तर छायाचित्र आणि हाताचे ठसे असलेला परवाना काढावा लागे. ट्रान्सवालमध्ये तर प्रत्येक आशियाई माणसाने दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी, असा कायदा आला. त्याविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. ईश्वराला साक्षी ठेवून हा कायदा न पाळण्याची शपथ घ्यावी, हा आग्रह त्या सभेत सेठ हाजी हबीब यांनी धरला. गांधीजींच्या सत्याग्रहाचा आरंभ म्हणून ही सभा आपण शाळेत शिकतो. पण तो लढा मुळात माणसाच्या ओळखीची नोंद कोणी, कोणत्या हक्काने घ्यावी याविषयी होता, हे आपल्या लक्षात राहत नाही. पुढे तडजोड झाली, लोकांनी आपणहून दाखले काढले, आणि सरकारने शब्द फिरवल्यावर १६ ऑगस्ट १९०८ रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखले कढईत घालून जाळण्यात आले.

नंतरचा काळ खलाशांचा. सीडीसीच्या पुस्तकात नाव, बापाचे नाव, जन्मगाव, उंची, अंगावरचा तीळ किंवा व्रण यांची नोंद असे. प्रत्येक सफरीनंतर कामाचा आणि वर्तणुकीचा शेरा पडे. ‘व्हेरी गुड’चे शिक्के असले की पुढची बोट मिळे, शेरा बिघडला की माणूस मुंबईत गावकऱ्यांच्या कुडात पडून राही. त्यानंतर आखात आले. तेथे कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायचा, ही प्रथा सर्रास होती. पासपोर्ट परत मिळेपर्यंत सुट्टी नाही, मय्यतीला येणेही नाही, असे अनुभव आपल्या अनेक घरांनी सोसले आहेत.

या चारही नोंदींत जुलूम होता. पण एक गोष्ट स्पष्ट होती. कागद कोणाकडे आहे हे ठाऊक असे. पोर्तुगीज कप्तान असो, ट्रान्सवालचा अधिकारी असो की आखातातला मालक, समोर एक चेहरा होता. त्याच्याशी भांडता येत होते, त्याच्यापुढे दाखला जाळता येत होता. खेळाच्या जाळ्यात हा चेहराच नाहीसा झाला.

एप्रिल २०११

व्हिडिओ गेम पूर्वी घरातल्या यंत्रात घालायची वस्तू होती. एकदा विकत घेतली की दुकानदाराशी संबंध संपला. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ही यंत्रे इंटरनेटला जोडली गेली आणि धंदाही बदलला. आता खेळ विकून पैसे सुटत नव्हते. खेळणाऱ्याला कायम जोडून ठेवून पुन्हा पुन्हा विकायचे होते. त्यासाठी प्रत्येकाचे अकाउंट हवे, देश हवा, वय हवे, कार्डाचा नंबर जपून ठेवलेला हवा. खेळायला आलेला माणूस असा कंपनीच्या नोंदवहीतला कायमचा ग्राहक झाला.

सोनी कंपनीचे प्लेस्टेशन नेटवर्क नोव्हेंबर २००६ मध्ये सुरू झाले. साडेचार वर्षांत त्यावर ७ कोटी ७० लाख अकाउंटे झाली. १७ ते १९ एप्रिल २०११ या तीन दिवसांत कोणीतरी त्याच्या सर्व्हरमध्ये शिरले. १९ तारखेला काही सर्व्हर आपोआप बंद-चालू होताना कर्मचाऱ्यांना दिसले. २० तारखेला कंपनीने सारे नेटवर्कच बंद केले. जगभरची मुले बंद पडद्यासमोर बसली. कारण मात्र सांगितले गेले २६ एप्रिलला. नाव, पत्ता, देश, ई-मेल, जन्मतारीख, लॉगिन आणि पासवर्ड चोराच्या हाती गेले असून कार्डाची माहितीही गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे कंपनीने तेव्हा कळवले.

१ मे रोजी टोकियोत कंपनीचे वरिष्ठ अधिकारी काझुओ हिराई यांनी सहकाऱ्यांसह पत्रकारांसमोर कमरेत वाकून माफी मागितली. दुसऱ्याच दिवशी आणखी एक गोष्ट बाहेर आली. सोनीच्याच दुसऱ्या खेळ-कंपनीतून २ कोटी ४६ लाख अकाउंटांची माहिती गेली होती. तीत २००७ सालच्या एका जुन्या, वापरात नसलेल्या नोंदवहीतले सुमारे १२,७०० कार्डांचे नंबर होते. ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. व्यवहार संपले, माणसे तो खेळ विसरूनही गेली असतील. पण वही कुणी फाडली नव्हती. गावातल्या वाण्याची जुनी उधारीची वही माळ्यावर पडून असावी आणि ती नेमकी चोराला मिळावी, तसे हे झाले.

मेच्या मध्यापासून नेटवर्क टप्प्याटप्प्याने सुरू झाले. ग्राहकांना भरपाई म्हणून काही खेळ फुकट मिळाले. कंपनीने आपला खर्च सुमारे १४ अब्ज येन धरला. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला अडीच लाख पौंडांचा दंड केला. सॉफ्टवेअर वेळेवर अद्ययावत ठेवले असते तर हा हल्ला टळला असता, असा ठपका त्या निर्णयात होता. चोर कोण, हे शेवटपर्यंत निर्विवादपणे समोर आले नाही. पासवर्डाबरोबर फोनवर येणारा दुसरा आकडा मागण्याची सोय त्या नेटवर्कवर आली ऑगस्ट २०१६ मध्ये, म्हणजे चोरीनंतर पाच वर्षांनी.

जे बदलता येत नाही

पासवर्ड गेला तर नवा करता येतो. कार्ड गेले तर बँक दुसरे देते. पण २०११ च्या चोरीत आणखी एक गोष्ट गेली असण्याची शक्यता कंपनीने सांगितली होती, तिच्याकडे फार थोड्यांनी पाहिले. ती म्हणजे गुप्त प्रश्नांची उत्तरे. पासवर्ड विसरल्यास विचारायचे हे प्रश्न त्या काळी सगळीकडे सारखेच असत. आईचे माहेरचे आडनाव काय? पहिली शाळा कोणती? जन्मगाव कोणते?

हे प्रश्न ज्यांनी काढले त्यांनी आमचा मोहल्ला पाहिला नव्हता. कोकणातल्या कोणत्याही मुसलमान मोहल्ल्यात अमक्याची आई कोणत्या गावची, कोणत्या घराण्यातली, हे नळावर पाण्याला आलेल्या बाईलाही ठाऊक असते. निकाहाच्या वेळी तर ते आधी पाहिले जाते. जन्मतारखेचे म्हणाल, तर माझ्या वडिलांच्या पिढीतल्या किती तरी लोकांची जन्मतारीख १ जून आहे, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच लिहिली. ज्याला जग गुपित समजत होते ते आमच्याकडे उघडे होते. आणि जे उघडे नव्हते ते, म्हणजे या माणसाचे हे ई-मेल, हे कार्ड आणि हा पासवर्ड अशी जोडी, खेळाच्या सर्व्हरवर जमा होत होती. चोराला दोन्ही एकत्र हवी असतात.

याचे प्रत्यंतर आमच्याच घरी आले. पुतण्याच्या एका खेळाच्या अकाउंटला त्याने बापाचाच ई-मेल आणि त्याच ई-मेलचा पासवर्ड दिला होता. दोन कुलपांना एकच किल्ली. एके दिवशी आखातात भावाच्या ओळखीच्यांना त्याच्या ई-मेलवरून निरोप गेले, की आई दवाखान्यात आहे, पैसे पाठवा. एका गावकऱ्याने पाठवलेही. नंतर फोनाफोनी झाली तेव्हा आई अंगणात कोकम वाळत घालत होती. माहिती नेमकी कोठून गेली हे आम्हाला कधी कळले नाही, म्हणून कोणाचे नाव घेणे बरोबर नाही. पण चोरीचे तंत्र सर्वत्र हेच असते. एका ठिकाणी मिळालेली ई-मेल आणि पासवर्डाची जोडी शेकडो ठिकाणी लावून पाहायची. जेथे कुलूप उघडेल तेथे शिरायचे. खेळाचे अकाउंट म्हणजे पोरखेळ, तेथे चोरण्यासारखे काय आहे, असे आपण म्हणतो. चोराला त्या खेळाशी कर्तव्य नसते, त्याला ती किल्ली हवी असते.

भावाने त्या गावकऱ्याचे पैसे फेडले. पण त्याला पैशांपेक्षा जास्त लागले ते वेगळेच. आपल्या नावाने कोणीतरी खोटे बोलले, आणि तेही आईच्या दुखण्याचे. परदेशात राहणाऱ्या माणसाजवळ नावाखेरीज दुसरी इस्टेट फारशी नसते.

मुलांच्या नावाने उघडलेली खाती

२०११ नंतर अशा घटना थांबल्या नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टीम या खेळ-दुकानाची नोंदवही फुटली. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या व्हीटेक या खेळणी कंपनीतून ६० लाखांहून अधिक मुलांची आणि त्यांच्या पालकांची माहिती गेली. त्यात मुलांचे फोटो आणि आईबापांशी झालेले बोलणेही होते. २०१९ मध्ये झिंगा या मोबाइल खेळांच्या कंपनीकडून १७ कोटींहून अधिक अकाउंटे फुटली. २०२० मध्ये लहान मुलांसाठीच असलेल्या ॲनिमल जॅम या खेळाची साडेचार कोटींहून अधिक अकाउंटे चोरांच्या बाजारात आली. मूल लिहायला शिकण्याआधी त्याचे नाव चोराच्या यादीत लागावे, अशी ही वेळ.

आपल्याकडे खेळ घरोघरी पोचला तो मोबाइलमधून. स्वस्त इंटरनेट आले आणि २०१८ पासून पबजीने मुंबईच्या चाळीपासून कोकणातल्या वाडीपर्यंत मुलांना वेड लावले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. वापरणाऱ्यांची माहिती चोरून देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवली जाते अशा तक्रारी आहेत, हे कारण सरकारने दिले. त्याच उन्हाळ्यात सीमेवर गलवानचा संघर्ष झालेला होता, त्यामुळे या निर्णयाकडे लोकांनी मुख्यतः चीनविरोधी पाऊल म्हणून पाहिले. माहितीची चर्चा मागे पडली.

जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीने तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आणला. अठरा वर्षांखालच्यांनी खेळायचे तर पालकाचा फोन नंबर द्यावा, अशी त्यात अट होती. हेतू चांगला. पण गावात काय होते ते सांगतो. मुलगा मित्राचा नंबर देतो, मित्र याचा नंबर देतो. बाप आखातात, आई वाचत नाही, आणि चुलत्याला विचारले तर तो म्हणतो, ‘काय ते तूच बघ, मला त्यातले समजत नाही.’ संमती घेतल्याची नोंद होते. संमती मात्र कोणीच दिलेली नसते.

नावाचे वजन

माहिती फुटली तर नुकसान सर्वांचेच होते. ७ कोटी ७० लाखांच्या यादीत सर्व धर्मांची, सर्व देशांची माणसे होती. यात आपणच तेवढे बळी, असा सूर लावणे खोटे ठरेल. तरीही एकच माहिती प्रत्येकाच्या बाबतीत सारखी वजनाची नसते, हेही खरे.

खेळांच्या शेजारीच आपल्या फोनवर नमाजच्या वेळा सांगणारे ॲप असते. त्यांपैकी ‘मुस्लिम प्रो’ हे जगात ९ कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेलेले. वापरणारा कुठे आहे याची त्यातली माहिती एका दलालामार्फत अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदारांपर्यंत जाते, असे नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकी पत्रकारांनी उघड केले. त्यानंतर ॲपच्या चालकांनी त्या दलालाशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. येथे चोरी झालीच नव्हती. किब्ला दाखवायला ठिकाण विचारले, आपण सांगितले, आणि ते पुढे विकले गेले. फुकटच्या खेळांचा आणि फुकटच्या ॲपचा धंदा एकाच पद्धतीने चालतो. दाम आपण पैशांत देत नाही, ठावठिकाण्यात देतो.

१ जानेवारी २०२२ रोजी शंभराहून अधिक मुसलमान स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडणारे एक ॲप समोर आले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, ज्यांनी कोणी तोंड उघडले त्या. फोटो त्यांनी स्वतःच कधीतरी सार्वजनिक ठेवलेले होते. मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच तरुण मुलामुलींना अटक केली. घटना खेळाची नव्हती, पण करणाऱ्यांनी ती खेळासारखीच मांडली होती. नाव आणि चेहरा एवढ्या दोन गोष्टी माणसाला दुखवायला पुरतात, हे त्या आठवड्यात आपल्या घराघरांतल्या मुलींना कळले.

कायद्याची वाट

प्लेस्टेशनची चोरी झाली त्याच्या सहाच दिवस आधी, ११ एप्रिल २०११ रोजी, भारतात खाजगी माहितीच्या सुरक्षेचे नियम जाहीर झाले होते. पासवर्ड, बँकेची माहिती, आजार, बोटांचे ठसे यांना त्यांत ‘संवेदनशील’ म्हटले होते. पण माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा, एवढी साधी सक्ती त्यांत नव्हती. म्हणजे पेटी फुटली तरी पेटीच्या मालकाला सांगण्याचे बंधन नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच सुमारास माहिती संरक्षणाच्या कायद्यासाठी केंद्राने एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण. हे नाव आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींच्या चौकशी आयोगाचे काम त्यांनीच केले होते. त्या अहवालाचे पुढे काय झाले हे आपण जाणतो. माहिती संरक्षणाचा त्यांच्या समितीचा अहवाल २७ जुलै २०१८ रोजी सादर झाला. मुलांच्या माहितीवर चालणाऱ्या कंपन्यांवर वेगळी आणि कडक जबाबदारी टाकावी, असे त्यात सुचवले होते.

प्रत्यक्ष कायदा व्हायला आणखी पाच वर्षे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा झाला. माहिती नीट न जपणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यायला पालकाची खातरजमा केलेली संमती लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती फुटल्यास ती ज्याची आहे त्याला विनाविलंब कळवायचे आहे. भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत खेळाडू असलेल्या कंपनीने, तीन वर्षे न फिरकलेल्या माणसाची माहिती पुसून टाकायची आहे. म्हणजे २००७ ची ती जुनी वही आता माळ्यावर ठेवता येणार नाही. मात्र या मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत दिलेली आहे. आणि सरकारी यंत्रणांना या कायद्यात मिळालेल्या सवलती मोठ्या आहेत, यावर टीकाही झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांनी स्वतः सरकारला मिळणाऱ्या अशा सवलतींविषयी वेळोवेळी इशारा दिला आहे.

मध्यंतरी, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणाऱ्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. मोठ्या कंपन्यांनी ते खेळ लगेच बंद केले. जुगार हराम आहे हे आपल्या तरुणांना ठाऊक नव्हते असे नाही. तरी रमी आणि क्रिकेटच्या संघांवर पैसे लावणारे आपल्यातही होते. जिंकलेले पैसे काढायला त्यांनी पॅन दिले, बँक खाते दिले. खेळ बंद झाला म्हणून ती माहिती त्या क्षणी पुसली गेली असे होत नाही. तिचा हिशेब मागण्याचा हक्क कायद्याने आता दिला आहे. तो मागायला मात्र आपल्यालाच उठावे लागेल.

अमानत

कायदा कंपनीला बांधतो. घराला कोण बांधणार? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईत राज्य पोलिसांच्या सायबर जागृती महिन्याच्या कार्यक्रमात अभिनेते अक्षय कुमार यांनी आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्यांची मुलगी ऑनलाइन खेळत होती. समोरच्या अनोळखी खेळाडूने आधी गोड शब्द लिहिले. मग विचारले, तू मुलगा की मुलगी? तिने मुलगी म्हणताच त्याने तिचे नग्न फोटो मागितले. तिने सारे बंद केले आणि आईला जाऊन सांगितले.

या प्रसंगात ना सर्व्हर फुटला, ना पासवर्ड गेला. एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर दिले गेले. मला त्यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे वाटते. तिने आईला सांगितले. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलीवर हीच वेळ आली तर ती सांगेल काय? तिला ठाऊक आहे की सांगितले तर आधी फोन जाईल. मग दापोलीचे कॉलेज जाईल. मग स्थळे पाहायला सुरुवात होईल. गुन्हा करणारा कुठेतरी दूर बसलेला आणि शिक्षा मुलीला, हा हिशेब तिला पाठ असतो. म्हणून ती गप्प बसते, आणि तिच्या गप्प बसण्यावरच समोरच्याचा धंदा चालतो. माहिती सुरक्षित ठेवायची तर पहिली सुरक्षितता घरात बोलण्याची हवी. मुलगी निर्धास्तपणे आईकडे येऊ शकत नसेल, तर कोणताही पासवर्ड तिला वाचवणार नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत आणि कोणालाही जमतील. खेळाच्या अकाउंटाला वेगळा ई-मेल आणि वेगळा पासवर्ड द्यावा. आईचे माहेर विचारले तर खरे उत्तर देण्याची सक्ती नाही. आपल्याला आठवेल असे काहीही द्यावे. फोनवर येणारा दुसरा आकडा मागण्याची सोय सुरू करावी आणि तो आकडा कोणालाही सांगू नये. बँकेचे कार्ड खेळात जपून ठेवू नये. खेळ सोडला तर नुसता फोनवरून काढू नये, अकाउंटच मिटवावे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवावे. जमातीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत अर्धा तास यासाठी काढला तरी पुष्कळ होईल. ज्या माणसांनी एकमेकांना आखाताचे फॉर्म भरायला शिकवले, त्यांना हे अवघड नाही.

आपल्याकडे यासाठी एक जुना शब्द आहे, अमानत. दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेली वस्तू. नबुव्वत मिळण्याआधीपासून मक्केचे लोक पैगंबरांना ‘अल-अमीन’ म्हणत, कारण त्यांच्याजवळ ठेवलेली ठेव सुरक्षित राही. हिजरतच्या रात्री, जिवावर उठलेल्या त्याच मक्केच्या लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले, असे सीरतमध्ये आपण ऐकत आलो. शत्रूची ठेवसुद्धा ठेवच असते. आपली माहिती बाळगणाऱ्या कंपनीकडे आणि सरकारकडे आपण हेच मागायचे आहे. ती तुमची मालमत्ता नाही, तुमच्याकडे ठेवलेली अमानत आहे. काम संपले की परत करा, आणि हरवली तर आधी आम्हाला सांगा.

आणि हेच आपण स्वतःलाही सांगायचे आहे. पुतण्याने दिलेला फोन नंबर त्याचा नव्हता, बापाचा होता. फोनमधले जे नंबर त्याने पाहू दिले ते फुफीचे, मामीचे, मशिदीच्या इमामसाहेबांचे होते. देताना त्याने त्यांच्यापैकी कोणालाही विचारले नव्हते. दोष त्याचा नाही. पेटीचा नियम आम्हीच त्याला शिकवला नव्हता.

दादी आता नाही. पेटी आहे. गेल्या सुट्टीत भाऊ आला तेव्हा आम्ही ती पुतण्यासमोर उघडली. आजोबांचे सीडीसीचे पुस्तक त्याने हातात घेतले. नाव, बापाचे नाव, गाव बुरोंडी, उंची, कपाळावरचा व्रण, आणि खाली ओळीने ‘व्हेरी गुड’चे शिक्के. तो बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, ‘हे तर प्रोफाइल आहे.’ भाऊ म्हणाला, ‘होय. आणि ते आपल्या पेटीत आहे.’ त्यानंतर बापलेक ओटीवर जाऊन बसले आणि त्याच्या फोनमधली एकेक परवानगी वाचू लागले.